ब्रेक धरणे (जुन्या पिकअपचे पुढचे डिस्क ब्रेक)

पेडलवरून पाय काढला तरी पुढच्या चाकाचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिकटून राहतात आणि चाक मोकळे फिरत नाही. या दोषाला गॅरेजमध्ये ब्रेक धरणे किंवा जाम होणे म्हणतात. गाडी जड चालते, न्यूट्रलमध्ये टाकताच रेंगाळते, कधी एका बाजूला ओढते. चाकाजवळ जळका वास येतो आणि रिमला हात लावता येत नाही. दोष दिसतो चाकापाशी, म्हणून लोक आधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलतात. पुष्कळदा कॅलिपर निर्दोष असतो, ब्रेक ऑइलचा दाब दुसरीकडेच कोंडलेला असतो आणि नवा कॅलिपरही दोन दिवसांत तसाच धरू लागतो. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी दाब कुठे अडकला आहे हे शोधणे, यातच या दुरुस्तीचे खरे कसब आहे.

इंदूरला मोटारींचा शौक जुना. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली विक्रीसाठीची पहिली मोटार ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीने १९२१ मध्ये आणली, आणि १९३०च्या दशकात दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी याच कंपनीची गाडी मागवून घेतली. पिकअप मात्र कामाची गाडी. शेव्हरलेच्या हलक्या ट्रकांना पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून सरसकट मिळू लागले. त्याआधीच्या शेव्हरले, तसेच प्रीमियर ऑटोमोबाइल्सने भारतात जुळवलेल्या डॉज आणि फार्गो या मुळात चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्या. हौशी मालक त्यांना पुढे डिस्क बसवून घेतात. बदल चांगलाच आहे, पण तो अर्धवट केला की ब्रेक धरू लागतो.

ड्रम ब्रेकमध्ये शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे) मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कमध्ये तशी स्प्रिंग नाही. कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील बसलेली असते. पाय दाबला की ती किंचित पिळवटते, पाय सोडला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतके मागे नेते. एवढ्याशा ओढीवर सगळा कारभार चालतो. त्यामुळे ऑइलला मागे जाण्याची वाट पूर्ण मोकळी हवी. वाटेत थोडा जरी दाब उरला तरी सील हरते. चाक हाताने फिरवताना पॅडची हलकी घासट ऐकू येणे मात्र स्वाभाविक आहे, तो दोष नव्हे.

शोधाची सुरुवात गाडी जॅकवर चढवून, खाली टेकूचे घोडे लावून, पुढची दोन्ही चाके हाताने फिरवून करावी. एकच चाक धरत असेल तर संशय त्या बाजूच्या होज पाइपवर (कॅलिपरला ऑइल पोचवणारी रबरी नळी) किंवा कॅलिपरवर. दोन्ही धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) आणि त्याच्या आसपास. मग एकदा पेडल जोरात दाबून सोडावे आणि धरणाऱ्या चाकाचा ब्लीडर निप्पल (कॅलिपरमधली हवा व ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू) पान्याने जरासा सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब कोंडलेला आहे. निप्पल उघडूनही चाक तसेच जाम, तर पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत. दाब कोंडलेला असेल तर पुढची पायरी अशी: पुन्हा पेडल दाबून सोडावे आणि या वेळी मास्टर सिलिंडरला जोडलेला पाइप सैल करावा. तिथे दाब सुटून चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरकडे आहे. तिथे काहीच घडले नाही आणि निप्पलवरच चाक सुटले, तर मधला होज पाइप गुन्हेगार.

होज पाइप फसवा असतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आतले रबर मात्र फुगून वाट अरुंद झालेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकलले जाते, पण सीलच्या दुबळ्या ओढीने परत येत नाही. जुन्या ट्रकांत होज धरणारी लोखंडी पट्टी गंजून फुगते आणि बाहेरूनही गळा आवळते. ती जागा दिव्याच्या उजेडात जरूर पाहावी. होज चिमट्याने दाबून तपासण्याची सवय वाईट, त्याने चांगल्या होजचेही आतले अस्तर फाटते. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदलावेत.

मास्टर सिलिंडरचा निवाडा डोळ्यांनी करता येतो. टाकीचे झाकण काढून डोळ्यांना चष्मा लावून आत पाहावे आणि दुसऱ्याला पेडल अगदी हळू दाबायला सांगावे. तळाच्या बारीक भोकातून ऑइलचा छोटासा कारंजा उसळला पाहिजे. हेच भोक पाय सोडल्यावर ऑइल परत घेते. कारंजा दिसला नाही तर पिस्टन पूर्ण मागे आलेला नाही किंवा भोक कचऱ्याने बुजले आहे. पिस्टन मागे न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लांब ठेवलेला पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर पिस्टनला पोचवणारी दांडी. बूस्टरच्या (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) गाडीत पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण अर्धा मिलिमीटर जागा लागते. मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो पुढे सरकवला आणि चाके मोकळी झाली, तर पुशरॉडवर किंवा बूस्टरवर शिक्कामोर्तब झाले. ब्रेक लाइटचा स्विच जास्त आत बसवला असेल तरी पेडल वर येत नाही. हे आधी पाहावे, फुकटात सुटणारा दोष आहे. इंजिन चालू असतानाच ब्रेक धरत असतील तर बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप काढून, बुच लावून पाहावे.

डिस्क बसवून घेतलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो, सुमारे १० पीएसआयचा (दर चौरस इंचाला १० पौंड). ड्रमच्या स्प्रिंगा त्याला जुमानत नाहीत, पण डिस्कच्या सीलला तो भारी पडतो. पुढच्या लाइनमधला हा व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे. १९५०च्या दशकातल्या शेव्हरले ट्रकांसारखा मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. दोन्ही व्हॉल्व्ह आकाराने सारखेच, म्हणून आकडा वाचूनच बसवावा.

सगळीच रबरे फुगलेली निघाली तर टाकीत कोणीतरी इंजिनचे किंवा स्टिअरिंगचे तेल ओतले आहे. पाण्याच्या पेल्यात टाकीतले थोडे ऑइल सोडावे: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल वर तरंगते. ही चाचणी डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) या सिलिकॉन ऑइलला लागू नाही. खनिज तेल निघाले तर नुसते ऑइल बदलून भागत नाही. सील, होज, किट सगळे नवे आणि पाइप धुऊन घ्यावे लागतात.

माळव्यात या दोषाला हवाही हातभार लावते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पिनांच्या रबरी टोप्यांत शिरतो आणि वाळला की घट्ट बसतो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर येते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि पिस्टन जागच्या जागी गंजतो. खड्डे पडलेला पिस्टन घासून परत बसवू नये, बदलावा. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावावे, साध्या ग्रीसने टोप्या फुगतात.

तापलेला ब्रेक आणखी घट्ट धरतो, कारण कोंडलेले ऑइल प्रसरण पावते. डॉट ३ ऑइल ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते; डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरपुढे नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. धरणारा ब्रेक घेऊन अशा उतारावर जाऊच नये. वाटेत रिम तापलेली आढळली तर गाडी सपाटीवर उभी करून आपोआप निवू द्यावी. लाल झालेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास ती वाकते किंवा तडकते.

दुरुस्तीनंतर लाइनमधली हवा (एअर) काढून, रिकाम्या रस्त्यावर शक्यतो ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवावी, हँडब्रेकवर थांबावे आणि दोन्ही हबांचे (चाकांच्या मधल्या भागांचे) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आणि कोमट हव्यात. एकच हब गरम आणि पॅड मात्र मोकळे असतील, तर त्या चाकाची बेअरिंग जास्त आवळलेली आहे.