ऊतक-रंजन : हेमॅटॉक्सिलिन-इओसिन पद्धत

शरीरातून काढलेल्या ऊतकाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याजोगा करण्याची पद्धत. बायोप्सी म्हणून घेतलेला तुकडा असो वा शस्त्रक्रियेत काढलेला अख्खा अवयव, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पहिली स्लाइड बहुधा याच रंगांची होते. मुळात काप जवळजवळ रंगहीन असतो. हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनने पेशीद्रव्य, स्नायू व तंतू गुलाबीच्या वेगवेगळ्या छटा घेतात. पद्धत रंगांच्या नावाने ओळखली जात असली, तरी स्लाइडचे भवितव्य बरेचसे त्याआधीच ठरलेले असते.

ऊतक शरीराबाहेर आले की त्यातील विकरे (एन्झाइम) पेशींनाच पचवू लागतात. ते थांबवण्यासाठी तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणात, टाकतात. याला स्थिरीकरण म्हणतात. ऊतक टिकवण्याचा फॉर्मॅलिनचा गुण फेर्डिनांट ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवून दिला. बाजारातील तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग मिळून ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ होते. त्यात प्रत्यक्ष फॉर्मॅल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असते. द्रावण उदासीन राखावे लागते, नाहीतर रक्ताळ भागात तपकिरी-काळे कण साचतात आणि स्लाइड वाचणाऱ्याला चकवतात. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे. ते आत हळूहळू मुरते, म्हणून गर्भाशय किंवा स्तनासारखा मोठा अवयव छेद न देता बुडवला तर बाहेरून घट्ट आणि आतून सडलेला निघतो. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ असताना कोंबलेला तुकडा घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही, हा प्रकार आपल्याकडे आजही घडतो. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा तर टिकतच नाही. रंग चुकला तर नवा काप घेऊन पुन्हा देता येतो. बिघडलेले स्थिरीकरण सुधारता येत नाही.

यानंतरच्या टप्प्याला ग्रॉसिंग म्हणतात : नमुन्याचे मोजमाप व वर्णन करून नेमके भाग कापायचे आणि क्रमांक घातलेल्या जाळीदार कॅसेटमध्ये ठेवायचे. हाड असेल तर आधी आम्लाने किंवा ईडीटीए या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनाने त्यातील कॅल्शियम काढतात. पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल आणि वितळलेल्या पॅराफिन मेणाने झायलीन हटवले जाते. हे काम यंत्र बहुधा रात्रभरात उरकते. मेणाचा ब्लॉक ओतताना तुकडा कोणत्या अंगावर बसवला याला फार महत्त्व आहे. त्वचा आडवी पडली तर तिचे थर एकाखाली एक दिसत नाहीत.

गार केलेल्या ब्लॉकचे मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप घेतात. ते एकमेकांना चिकटून फीत निघते, तिला ‘रिबन’ म्हणतात. ती मेणाच्या वितळबिंदूपेक्षा थोड्या कमी तापमानाच्या पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात. मग खालून स्लाइड घालून काप अलगद उचलतात. पात्याच्या धारेला खाच पडली असेल तर कापावर उभ्या रेघा उमटतात. आधीच्या नमुन्याचा कण पाण्यावर तरंगत राहिला आणि पुढच्या स्लाइडवर चढला, तर भलत्याच रुग्णाच्या पेशी अहवालात येण्याचा धोका असतो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग दर ब्लॉकनंतर कागदाने टिपतात.

हेमॅटॉक्सिलिन मेक्सिकोच्या कांपेचे भागातील लॉगवुड वृक्षाच्या गाभ्याच्या लाकडापासून मिळते. ते स्वतः रंग नव्हे. ऑक्सिडीकरणाने त्याचे हेमाटीन होते आणि तुरटीतील ॲल्युमिनियमच्या जोडीने ते केंद्रकांतील डीएनएला धरते. इओसिन मात्र १८७० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला कृत्रिम रंग आहे. तो आम्लधर्मी असल्याने पेशीद्रव्यातील प्रथिनांवर बसतो. दोन्ही रंगांची जोडी १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी जमवली असे मानतात.

रंगवताना आधी मेण काढून काप पाण्यापर्यंत आणतात. हेमॅटॉक्सिलिननंतर आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून जादा रंग उतरवतात. या वेळी काप लालसर दिसतो. नळाच्या किंचित अल्कधर्मी पाण्याखाली काही मिनिटांत तो निळा होतो. पाणी तसे नसेल तर अमोनियाचे अतिसौम्य द्रावण वापरतात. मग इओसिन, पुन्हा अल्कोहोल व झायलीन, आणि शेवटी डीपीएक्स हा पारदर्शक चिकट पदार्थ लावून वर पातळ आवरणकाच. झायलीन दुधाळ झाले तर कापात पाणी राहिले आहे हे समजावे.

या पद्धतीत चरबी विरघळून जाते आणि तिच्या जागी रिकामे गोल दिसतात. चरबी पाहायची तर गोठवलेला काप घ्यावा लागतो. क्षयाच्या जंतूंसाठी झील-नीलसन, तंतुमय ऊतकासाठी मॅसन ट्रायक्रोम असे विशेष रंग आहेत. मेणाचे ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात व त्यांतून नवे काप काढता येतात. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णाकडे जुन्या स्लाइडसोबत ब्लॉकही मागतात.