ऑयगेन ब्लॉयलर

ऑयगेन ब्लॉयलर (३० एप्रिल १८५७ – १५ जुलै १९३९) : स्विस मनोविकारतज्ज्ञ. ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा त्यांनी दिली. ‘ऑटिझम’ आणि ‘अँबिव्हॅलन्स’ (एकाच गोष्टीविषयी एकाच वेळी परस्परविरोधी भावना) हे शब्दही मूळचे त्यांचेच. पण नुसते नामकरण करणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. वेड्यांची बडबड म्हणून जे कोणी मनावर घेत नव्हते, ते त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णांच्या सोबत राहून ऐकले. त्यांचे सगळे सिद्धान्त त्या ऐकण्यातून आले.

जन्म झुरिकजवळच्या झोलिकोन गावी, शेतकरी परंपरेच्या कुटुंबात. झुरिकचे बुर्गहोल्त्सली मनोरुग्णालय १८७० मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथले सुरुवातीचे प्रमुख जर्मन प्राध्यापक होते. त्यांना स्थानिक बोली कळत नसे आणि आपल्या माणसांचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, ही आसपासच्या गावकऱ्यांची तक्रार होती. ब्लॉयलर यांच्या घरात तर हा प्रश्न रोजचाच होता : त्यांच्या बहिणीला तरुणपणीच गंभीर मानसिक आजार जडला होता. पुढे ती बुर्गहोल्त्सलीतील त्यांच्या निवासस्थानीच राहत असे.

वैद्यकीय शिक्षण झुरिकला झाले. त्यानंतर बर्नजवळच्या वाल्डाऊ रुग्णालयात काम, पॅरिसला मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे आणि म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ गुडेन यांच्याकडे अनुभव, मग बुर्गहोल्त्सलीत तिथले तेव्हाचे प्रमुख ऑग्यूस्त फोरेल यांचे साहाय्यक. १८८१ मध्ये कार्ल लेहमान यांच्यासह त्यांनी आवाज ऐकताच रंग दिसण्याच्या अनुभवावर पुस्तक लिहिले. हा अनुभव स्वतः ब्लॉयलरनाही येत असे.

१८८६ मध्ये ते राइनाऊ येथील रुग्णालयाचे प्रमुख झाले. ऱ्हाइन नदीतल्या बेटावरचा जुना मठ, आणि त्यात बरे होण्याची आशा सोडून दिलेले रुग्ण. अविवाहित ब्लॉयलर तिथे बारा वर्षे जवळजवळ रुग्णांच्यातच राहिले. त्यांच्याबरोबर श्रमाची कामे केली, त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घेतले. १८९८ मध्ये ते बुर्गहोल्त्सलीचे संचालक आणि झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२७ पर्यंत ते या पदांवर होते.

त्या काळी जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांची ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ ही संकल्पना प्रभावी होती : आजार कोवळ्या वयात सुरू होतो आणि बुद्धीच्या ऱ्हासात संपतो. ब्लॉयलर यांनी पाहिलेल्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी नेहमी खऱ्या ठरत नव्हत्या. २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनच्या व्याख्यानात त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ (शब्दशः ‘दुभंगलेले मन’) हे नाव सुचवले आणि १९११ च्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. हा एकच आजार नसून आजारांचा गट आहे, असे ते मानत आणि ग्रंथाच्या शीर्षकातही त्यांनी तसेच म्हटले. विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सैल होणे, हा त्यांचा अभिप्रेत अर्थ. एका देहात दोन व्यक्ती, ही लोकांतली समजूत त्यांच्या माथी मारणे चूक आहे.

हा ग्रंथ आजही वाचावासा वाटतो तो त्यातल्या माणसांमुळे. एका रुग्णाला एपामिनोंडस या प्राचीन ग्रीक सेनानीविषयी विचारले. उत्तराची सुरुवात ठीक होते. मग समुद्रावरच्या लढाया येतात, प्यूनिक युद्ध येते, चिलखती युद्धनौका बुडते, द्राक्षे आणि डाळिंबे येतात. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाला धरून आहे, फक्त मूळ प्रश्नाचा धागा सुटला आहे. ब्लॉयलर यांच्या मते विचारांच्या साखळीतला हा बिघाड आजाराच्या गाभ्याशी होता. भास आणि भ्रम ही दुय्यम लक्षणे. आणखी एक निरीक्षण त्यांनी नोंदवले : स्वतःला राजा, पोप किंवा तारणहार समजणारे रुग्ण रुग्णालयातली साधीसुधी कामे विनातक्रार करतात. भ्रम आणि व्यवहार अशी दोन खाती मनात एकाच वेळी चालू राहू शकतात. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांनी आतल्या जगात मिटून जाण्याच्या स्थितीसाठी वापरला. मुलांच्या संदर्भातला आजचा अर्थ १९४० च्या दशकात कॅनर आणि आस्पेर्गर या डॉक्टरांच्या लेखनापासून रुळला.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या विचारांची गंभीर दखल घेणाऱ्या पहिल्या विद्यापीठीय मनोविकारतज्ज्ञांत ब्लॉयलर होते. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले कार्ल युंग १९०० च्या अखेरीस ब्लॉयलर यांच्या हाताखाली आले. शाईच्या डागांच्या चाचणीसाठी प्रसिद्ध असलेले हेर्मान रोर्शाखही त्यांचेच विद्यार्थी. पण फ्रॉइड यांच्या संघटनेतून ते १९११ मध्ये बाहेर पडले. जो आमच्याबरोबर नाही तो आमच्या विरुद्ध, ही भूमिका धर्मपंथाला आवश्यक आणि पक्षाला उपयोगी असेल, विज्ञानाला मात्र घातक आहे, असे त्यांनी फ्रॉइडना स्पष्ट कळवले होते. वैद्यकातल्या ढिसाळ विचारपद्धतीवर त्यांनी १९१९ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

त्यांच्या कामाची काळी बाजूही आहे. फोरेल यांच्याप्रमाणे तेही दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते होते, त्यात वावगे काही नाही. पण गंभीर मनोरुग्णांच्या निर्बीजीकरणाचेही त्यांनी समर्थन केले. रुग्णांचे इतके ऐकणाऱ्या माणसाने ही भूमिका घ्यावी, हे वेदनादायक आहे आणि त्याला काळाची मर्यादा म्हणून सोडून देता येत नाही.

१९०१ मध्ये त्यांचा विवाह साहित्याच्या अभ्यासक हेडविग वासर यांच्याशी झाला. मुलगा मान्फ्रेड १९४२ ते १९६९ या काळात बुर्गहोल्त्सलीचा संचालक होता. त्याने स्किझोफ्रेनियाच्या २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला आणि निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले : अनेक जण सुधारतात, काही पूर्ण बरे होतात, आणि आजार सतत वाढतच जातो ही समजूत टिकत नाही.