जाड्या मिठाला पाणी का सुटते : मिठागराची हकिगत आणि साठवणीची पद्धत

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या पेढीवर दरवर्षी एकच तक्रार येऊ लागते. उन्हाळ्यात कोरडे नेलेले जाडे मीठ ओले झाले, पोत्याच्या तळाशी पाणी साचले, तेव्हा वजन वाढवण्यासाठी मिठावर पाणी मारले असावे, असे ग्राहकांना वाटते. बेळगाव शहरातील खानावळी, खानापूर आणि हुक्केरी भागातील लोणची-पापड करणारे बचत गट, निपाणी-चिकोडीकडील किरकोळ दुकानदार, अशा सर्वांना आम्ही एकच उत्तर फोनवरून पुन्हा पुन्हा देतो. परंतु घाईच्या बोलण्यात त्यामागचे कारण सांगणे राहून जाते. कारण समजले तर मीठ वाया जाणार नाही आणि आपला व आमचा वेळही वाचेल, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आम्ही विकतो ते जाडे मीठ उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमठा तालुक्यातील गोकर्णजवळच्या सानिकट्टा येथील मिठागरात पिकते. अघनाशिनी नदीच्या खाडीकाठी असलेल्या या मिठागराला सुमारे तीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते, आणि तेथील कामाची मूळ रीत आजही फारशी बदललेली नाही. आगरमालकांची नागरबैल सहकारी संस्था तेथील कारभार पाहते. भरतीचे पाणी बांधातील दारातून मोठ्या तळ्यांत घेतात, तेथून ते उथळ वाफ्यांच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सोडत नेतात, आणि ऊन व वारा यांनी पाणी आटत गेले की शेवटच्या, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत मीठ धरते. साधारण जानेवारीपासून मेपर्यंत हंगाम चालतो. एप्रिल-मेमधील एखादा वळवाचा पाऊस तयार वाफे विरघळवून टाकतो. ज्या वर्षी असे घडते त्या वर्षी भाव चढतो, आणि त्यात आमच्या हाती काही नसते.

पाणी सुटण्याचे मूळ या आटण्यातच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ७८ टक्के म्हणजे आपले मीठ, आणि उरलेल्यांत सर्वाधिक वाटा मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. पाणी आटू लागले की आधी चुना आणि जिप्समसारखे क्षार तळाशी बसतात. पाण्याचे आकारमान मुळाच्या जवळपास दहाव्या हिश्श्यावर आले, म्हणजे घनता मोजण्याच्या काट्यावर २५ अंश बोमेच्या आसपास गेले, की मीठ धरू लागते. २९-३० अंशांपर्यंत मीठ काढून घ्यावे आणि उरलेले कडवट पाणी सोडून द्यावे, असा नियम आहे. कारण त्यापुढे मॅग्नेशियमचे क्षार मिठाबरोबर अधिकाधिक येऊ लागतात. जाणता आगरी ही वेळ पाण्याच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या बुळबुळीतपणावरूनही ओळखतो. वेळ कितीही अचूक साधली तरी त्या कडवट पाण्याचा थोडा अंश मिठाच्या खड्यांना चिकटून आणि त्यांच्या पोटातील बारीक पोकळ्यांत अडकून येतोच.

आता पावसाळ्याकडे येऊ. शुद्ध मीठ हवेतील दमटपणा सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र सुमारे ३३ टक्के दमटपणाही पुरतो. त्यामुळे ज्या मिठात त्याचा अंश आहे ते मीठ हवा साधारण कोरडी असतानाही हळूहळू ओल धरते, आणि बेळगावच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा दमटपणा आठवडेच्या आठवडे ७५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही, तेव्हा कोणतेही मीठ उघड्यावर कोरडे राहणे शक्य नसते. पोत्याच्या तळाशी साचलेले पाणी कोणी ओतलेले नसून ते आपल्याच स्वयंपाकघरातील हवेतून आलेले असते.

पाकिटातील बारीक मीठ मोकळे राहते त्याची कारणे दोन. कारखान्यात ते पुन्हा विरघळवून, शुद्ध करून, बंद निर्वात पात्रांत आटवलेले असते, त्यामुळे मॅग्नेशियम जवळजवळ निघून जाते. आणि गोळे होऊ नयेत म्हणून त्यात कायद्याने मान्य असलेले पदार्थ ठरलेल्या प्रमाणात घातलेले असतात. त्या मिठाला आम्ही नावे ठेवत नाही, आमच्याकडेही ते मिळते. मात्र जाड्या मिठाकडून त्याच वागणुकीची अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

खडा मोठा का असतो, हेही पुष्कळ जण विचारतात. पाणी जितके सावकाश आटते तितका खडा मोठा होतो. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात समुद्राचे पाणी न घेता जमिनीखालील खारे पाणी उपसून, कोळशाच्या भट्टीवरील मोठमोठ्या उघड्या लोखंडी कढयांत उकळत असत. तेथे जोराने उकळी दिली की बारीक मीठ मिळे आणि मंद आचेवर ठेवले की जाडे, मासे खारवण्याच्या कामाचे मीठ तयार होई. म्हणजे एकाच कढईतून आच बदलून निरनिराळे मीठ काढण्याची त्यांची विद्या होती. मार्स्टन गावचा लायन सॉल्ट वर्क्स हा १८९४ मध्ये सुरू झालेला कारखाना त्या परगण्यातील अशा प्रकारचा शेवटचा. तो १९८६ मध्ये बंद पडला आणि २०१५ पासून तेथे संग्रहालय आहे. याच चेशायरचे मीठ एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल बंदरातून जहाजे भरून कलकत्त्याला येई, आणि बंगालच्या किनाऱ्यावर खारे पाणी उकळून मीठ करणाऱ्या मलंगी लोकांचा धंदा त्यात बसला. सानिकट्ट्याला भट्टी नव्हती आणि आजही नाही. ऊन हीच त्याची आच, आणि ती मंद असल्यामुळेच खडा जाड होतो.

आपल्या भागात हे मीठ कसे येत असे, याची आठवण जुन्या घरांतून अजून निघते. घाटाखालचे मीठ लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वर आणत. वेंगुर्ले-शिरोड्याकडील मीठ रामघाटाने बेळगावला पोहोचे, तर कुमठ्याच्या बंदरावर धारवाड भागातील कापूस उतरवून परतणाऱ्या बैलगाड्यांतून कारवार किनाऱ्याचे मीठ देशावर चढे. रेल्वे आल्यावर तांडे संपले. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत सानिकट्टा आणि बेळगाव एकाच इलाख्यात होते.

त्या काळी मिठागरात मीठ पिकवणाऱ्याला ते घरी नेण्याचीही मोकळीक नव्हती. १८८२ च्या मीठ कायद्याने आणि मुंबई इलाख्यासाठी झालेल्या १८९० च्या कायद्याने मीठ पिकवणे, साठवणे आणि बाहेर काढणे यांवर सरकारी परवाना व जकात बसली होती. १९३० मध्ये ही जकात मणाला सव्वा रुपया होती. शेजारच्या गोव्यातील स्वस्त मीठ घाटातून चोरून वर येऊ नये म्हणून इंग्रजांनी १८७८ च्या तहाने गोव्यातील मिठागरांचाही ताबा पोर्तुगीजांकडून मिळवला होता. तो तह १८९२ मध्ये संपला. पुढे १९३० च्या एप्रिलमध्ये अंकोल्याला म. प. नाडकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मिठाचा सत्याग्रह झाला आणि मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर झाला. ही दोन्ही ठिकाणे आपल्या अगदी जवळची आहेत. मिठावरील कर १९४७ मध्ये उठला. हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, ज्या मिठासाठी या भागातील माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते मीठ आज वापरणाऱ्याच्या हातून केवळ माहितीअभावी पाण्यात जावे, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक

मीठ ओले दिसले की ग्राहक ते गच्चीवर उन्हात पसरतात, तव्यावर भाजतात, किंवा रोवळीत घालून पाणी निथळू देतात, आणि एवढे करून ते पुन्हा ओले झाले की पोते परत पाठवतात. हे तिन्ही उपाय मिठाचे नुकसान करतात. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे कायद्याने बंधनकारक आहे. दुकानातून ग्राहकाच्या हाती जाताना किलोला किमान १५ मिलिग्रॅम, असे त्याचे प्रमाण आहे. जाड्या मिठात हे आयोडीन पोटॅशियम आयोडेटच्या द्रावणाच्या फवाऱ्याने दिले जाते, म्हणजेच ते मुख्यतः खड्यांच्या पृष्ठभागावर असते. मीठ पाझरू लागले की सुटलेल्या पाण्याबरोबर ते खाली उतरते. ते पाणी आपण टाकून दिले की आयोडीनही गेले. ऊन आणि तव्याची उष्णता, त्यातही ओलसर मिठावर, ते आणखी कमी करते. गलगंड होऊ नये म्हणून ज्या गोष्टीची योजना केली आहे, तीच अशा वेळी गच्चीवर संपते.

म्हणून निथळण्याचे काम आयोडीन लावण्यापूर्वीच व्हायला हवे, आणि आमच्याकडे ते तसेच होते. मिठागरात मिठाचे ढीग करून, वरून झाकून ठेवले जातात. ढिगातील मीठ हवेतील ओल घेते, ती ओल कडवट मॅग्नेशियम विरघळवून खाली झिरपते, आणि जे मीठ एक पावसाळा काढते ते ताज्या मिठापेक्षा कोरडे व चवीला सौम्य होते. आम्ही चालू हंगामाचे मीठ घेतच नाही; मागील हंगामाचे, निथळलेले आणि त्यानंतर आयोडीनची प्रक्रिया झालेलेच घेतो. ढीग वर्षभर ठेवल्याने वजनात घट येते, जागा अडकते, पैसाही अडकतो. बाजारात याहून स्वस्त जाडे मीठ मिळते, हे आम्ही जाणतो. पण ते कोणत्या हंगामाचे आहे, एवढे विकणाऱ्याला जरूर विचारावे. आमच्या भावातील फरक बहुतांशी या एका वर्षाचा आहे.

घरी करायचे ते थोडेच आहे. पोते फरशीवर ठेवू नये. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर आणि चुलीच्या वाफेपासून लांब ठेवावे. तोंड प्रत्येक वेळी आतील प्लास्टिकसकट घट्ट बांधावे, आणि पंधरा दिवसांना पुरेल एवढेच मीठ काढून चिनी मातीच्या किंवा काचेच्या, झाकण नीट बसणाऱ्या बरणीत घ्यावे. स्टीलचा डबा नको. स्टीलवर मिठाने बारीक छिद्रे पडतात, आणि तो गंज मिठात उतरला की मीठच खराब निघाले असा समज होतो. बरणीत लाकडी चमचा ठेवावा, ओला हात घालू नये. वरचे मीठ कोरडे आणि खालचे ओलसर वाटले तर सगळे एकत्र हलवून घ्यावे, म्हणजे खाली उतरलेले आयोडीन पुन्हा सारखे होते. किंचित ओलसर मीठ वापरण्यास काहीही हरकत नाही.

लोणचे घालणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. जाडे मीठ वाटीने मोजू नये, वजनाने घ्यावे. खड्यांमध्ये पोकळी राहत असल्यामुळे जाड्या मिठाची वाटी बारीक मिठाच्या वाटीपेक्षा हलकी भरते, आणि बारीक मिठाच्या मापाने घातलेले लोणचे कमी मिठाचे होऊन पावसाळ्यात बुरशी धरते. बचत गटांनी एक लहान तराजू ठेवावा. मोठी मागणी असल्यास नमुना म्हणून आम्ही एक किलो मीठ आधी देतो; त्यावर आपले नेहमीचे प्रमाण पाहून मगच पोती उचलावीत.

चामडे, बर्फ आणि जनावरांसाठी लागणारे आयोडीन नसलेले मीठ आमच्याकडे वेगळ्या शिक्क्याच्या पोत्यांत मिळते. ते स्वस्त आहे म्हणून स्वयंपाकासाठी कोणी मागितल्यास आम्ही देत नाही, याबद्दल आग्रह करू नये.

परत घेण्याबाबतचा आमचा नियम असा आहे : शिलाई न उघडलेले पोते ओले निघाले, तर ते कोणतीही विचारणा न करता बदलून दिले जाईल आणि गाडीभाडे आमचे राहील. शिलाई उघडलेले पोते परत घेता येत नाही, कारण त्यातील मीठ आम्ही दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकत नाही आणि देणारही नाही. माल उतरवून घेताना पोत्याचा तळ हाताने चाचपून पाहावा, शंका आल्यास गाडीवानासमोरच सांगावे.

उन्हाळी लोणच्यांसाठीची मागणी मार्चअखेरपर्यंत नोंदवल्यास मागील हंगामाचे मीठ आपल्यासाठी राखून ठेवता येते. मेमध्ये ते पुरेसे शिल्लक राहीलच असे नाही. हेच पत्रक कन्नडमध्येही छापलेले असून रविवार पेठेतील आमच्या पेढीवर विनामूल्य मिळेल. किरकोळ दुकानदारांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी लागतील तेवढ्या प्रती न्याव्यात.