सेप्टिक टँकसाठी जमिनीची पाझर चाचणी : अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

सांगली परिसरात, विशेषतः भुयारी गटार न पोहोचलेल्या उपनगरांत आणि गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधताना, सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी आपली जमीन शोषून घेईल का, हे नकाशा काढण्यापूर्वीच तपासून घ्यावे. या चाचणीसाठी स्वतंत्र सरकारी अर्ज नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा बांधकाम परवानगीच्या नकाशातच दाखवायचे असतात आणि चाचणीची नोंद परवानाधारक अभियंत्याकडून घेऊन त्यासोबत जोडणे हिताचे ठरते. कृषी विभागाची मृद आरोग्य पत्रिका येथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात पिकाच्या पोषणाची माहिती असते, पाझराची नसते.

परवानगीचा अर्ज जमीनमालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी करू शकतो. महापालिका हद्दीत तो वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नगररचना विभागाकडे जातो. खेड्यात आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गावठाणातील घरासाठी नमुना 8 चा उतारा, मोजणी नकाशा, शेतजमीन असल्यास अकृषिक वापराची कागदपत्रे, ओळखपत्र आणि विहीर व बोअर दाखवणारा मांडणी नकाशा तयार ठेवावा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) अंतर्गत वैयक्तिक शौचालयासाठी 12,000 रुपयांचे प्रोत्साहन अनुदान आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, तसेच त्या रेषेवरील अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घरजागा असलेले भूमिहीन, दिव्यांग आणि महिला कुटुंबप्रमुख यांचा विचार होतो.

चाचणीची पद्धत भारतीय मानक 2470, भाग 2 मध्ये दिली आहे. शोषखड्डा ज्या खोलीवर करायचा, तिथपर्यंत 10 ते 30 सेंटीमीटर रुंदीचा खड्डा घ्यावा. पहारीच्या घासण्याने काळ्या मातीच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि त्यांतून पाणी झिरपत नाही, म्हणून त्या टोकदार खिळ्याने खरवडून घ्याव्यात. तळाशी 5 सेंटीमीटर खडी पसरून त्यावर किमान 30 सेंटीमीटर पाणी भरावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंटीमीटर पाणी ठेवून 30 मिनिटांत ते किती उतरते हे मोजावे. त्यावरून पाणी 25 मिलिमीटर उतरायला लागणारा वेळ काढावा. उदाहरणार्थ, 30 मिनिटांत 20 मिलिमीटर उतरले, तर 25 मिलिमीटरला साडेसदतीस मिनिटे लागतात. हा वेळ 30 मिनिटांच्या आत असेल तरच शोषखड्डा योग्य, 30 ते 60 मिनिटांत पाझरचर (पाणी पसरवून मुरवणारा लांब, उथळ चर), आणि 60 मिनिटांच्या पुढे गेल्यास जमिनीत मुरवण्याचा आग्रह सोडून जैविक गाळणीसारखा (खडीवर वाढणाऱ्या जिवाणूंकडून पाणी शुद्ध करणारा) पर्याय घ्यावा लागतो.

रात्रभर मुरवण्याची पायरी काही ठेकेदार टाळतात आणि नेमकी तीच आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची आहे. कृष्णा-वारणाकाठची काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि ओतलेली बादली पाहता पाहता नाहीशी होते. तीच माती भिजून फुगली की भेगा बुजतात आणि जुलैत त्याच जागी पाणी तुंबते. याउलट जत, कवठेमहांकाळकडच्या उथळ मुरमात पाणी झपाट्याने जाते, पण खालच्या फुटक्या कातळातून ते बोअरपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर अंतर राखावे. भूजल 1.8 मीटरच्या आत असल्यास शोषखड्डा करू नये. त्यामुळे नदीकाठी पावसाळ्यातील पाणीपातळी शेजारच्या विहिरीत मोजून ती चाचणीच्या नोंदीत लिहून घ्यावी.