नोट्स खुल्या केल्या म्हणजे हक्क गेला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्राध्यापकांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: ‘नोट्स खुल्या परवान्याने (कोणीही वापराव्यात अशा परवानगीने) टाकल्या की मालकी जाते, वर बढतीत त्या कोणी धरत नाही.’

आधी मालकीचं. परवाना म्हणजे दिलेली परवानगी. हक्क सोडणं ही वेगळी गोष्ट. भारतीय कॉपीराइट कायद्यात (१९५७) दोन्हींची कलमं वेगळी आहेत: हक्कत्याग कलम २१, परवाना कलम ३०. सीसी-बाय ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना घातला तरी वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून घाई नको. सहकाऱ्याने मराठी नोट्सचं कन्नड भाषांतर करून वाटावं असं वाटत असेल, तर ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज) असलेला परवाना टाळा. त्यात रूपांतर वाटायला मनाई असते.

खरी अडचण कलम १७ची. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, संस्था ठरू शकते. नेमणूकपत्र वाचा, लेखी संमती घ्या. पाठ्यपुस्तकातून स्कॅन केलेली आकृती तर तुमची नाहीच. ती नव्याने काढा.

आता बढती. प्राध्यापकांसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतला संशोधन-गुणांचा तक्ता उघडा. चार भागांतल्या संपूर्ण ई-अभ्यासक्रमाला १२ गुण, त्यातल्या एका घटकाला (मॉड्यूलला) ५. नुसती पीडीएफ त्यात बसेलच असं नाही. समज बहुधा इथूनच पसरला. पहिल्या पानावर नाव, वर्ष, आवृत्ती, परवाना लिहा. कोणी वापरलं त्याची पत्रं फाइलला लावा.