ऑपेरागृह आणि खानदेशातील गायननाट्य

पहिल्यापासून अखेरपर्यंत गायले जाणारे नाटक मोठ्या वाद्यवृंदासह, पण ध्वनिवर्धकाशिवाय सादर करता यावे म्हणून बांधलेली इमारत म्हणजे ऑपेरागृह. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, असे एकही गृह नाही. गाऊन गोष्ट सांगण्याची रीत मात्र या मुलखात जुनी आहे. यात्रेत तमाशा असतो, डफावर वही, म्हणजे लांब कथागीत, गायली जाते, नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांत सोंगाड्या पार्टी हे लोकनाट्य रात्रभर रंगते, आणि एके काळी नाटक कंपन्यांचे मुक्कामही पडत. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत शब्द न्यायचा कसा, ही अडचण दोन्हीकडे सारखीच होती. युरोपाने त्यासाठी इमारत घडवली, इकडे गळा आणि साथीदार घडवले गेले.

ऑपेरा जन्मला तो इटलीतील सरदार-राजांच्या वाड्यांत. संगीतकार मोंतेव्हर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारी मंडळींपुढे झाला. तिकीट काढून कोणालाही आत जाता येईल असे पहिले ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडले, ते सान कास्सियानो. पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराचे प्रेक्षागृह आणि भिंतीलगत मजल्यांवर मजले रचलेले खासगी सज्जे, हा नमुना ठरून गेला. मिलानचे ला स्काला (१७७८) त्याच घडणीचे आहे. सज्जे श्रीमंत घराण्यांच्या मालकीचे असत. तिथे गाठीभेटी, जेवण, क्वचित जुगारही चाले. प्रयोग मन लावून ऐकण्याची शिस्त बरीच उशिरा आली. जर्मन संगीतकार वॅग्नरने बायरॉइट या गावी १८७६ मध्ये स्वतःचे नाट्यगृह उघडले तेव्हा वादक रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात बसवले आणि प्रेक्षागृहातले दिवे मंदावले. लोकांनी एकमेकांकडे न पाहता मंचाकडे पाहावे, हा त्याचा आग्रह होता.

आवाजाचे गणित यापेक्षाही रंजक आहे. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपने) आसपास सर्वांत जास्त असतो आणि त्यापुढे उतरत जातो. ऑपेराचा तयार गायक घशाची पोकळी अशी आवळतो-मोकळी करतो की त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या जवळपास एक वेगळी धार येते. त्या पट्ट्यात वाद्ये दुबळी असतात, म्हणून शंभर वादकांवरूनही एकटा गळा ऐकू येतो. बाकीचे काम इमारत करते. लाकूड आणि गिलावा आवाज परत फेकतात, तर मखमल आणि माणसे तो पितात. सभागृहात सूर घुमत राहण्याचा काळ सुमारे सव्वा ते दीड सेकंद असावा लागतो. त्याहून जास्त घुमले की शब्द एकमेकांत मिसळतात.

एकोणिसाव्या शतकात ऑपेरागृह हे पैशाचे आणि सत्तेचे प्रदर्शन बनले. व्हिएन्ना (१८६९) आणि पॅरिसचे पाले गार्निये (१८७५) ही त्याची ठळक उदाहरणे. इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या निमित्ताने कैरोत ऑपेरागृह उभारले. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १८७१ मध्ये तिथेच झाला. शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, ते जळून गेले. ब्राझीलच्या जंगलात मानाउसला रबराच्या पैशावर १८९६ साली तेआत्रो आमाझोनास उभे राहिले, तेही संगमरवर आणि लोखंड युरोपातून बोटीने आणवून. खानदेशालाही असा तेजीचा काळ लाभला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकात इथल्या कापसाला अफाट भाव आला, आणि त्याच दशकात लोहमार्ग भुसावळला पोचला. पण कापसाचा पैसा जिनिंग-प्रेसिंगकडे आणि पुढे अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांकडे वळला. त्यात वाईट काही नाही. मानाउसचे नाट्यगृहही रबराचा भाव पडल्यावर कित्येक वर्षे ओस पडले होते.

खानदेशी माणसाला सर्वांत जवळचे ऑपेरागृह मुंबईचे, चर्नी रोड स्टेशनजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. मराठी संगीत नाटकाला ते परके नव्हते: बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर दोघेही तिथे गायले. या दोघांचाही खानदेशाशी संबंध येतो. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावला राहिले आणि मेहबूबखाँकडे त्यांची गाण्याची पहिली तालीम झाली. दीनानाथांची सासुरवाडी तापीकाठच्या थाळनेरची. लता मंगेशकरांचे हे आजोळ.

संगीत नाटक आणि ऑपेरा एकच समजणे बरोबर नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (१८८०) आपल्याकडे गद्य संवाद आणि पदे आलटून-पालटून येतात, ऑपेरात बहुधा साधे बोलणेही सुरात असते. तरी प्रेक्षकांची खोड दोन्हीकडे तीच. व्हिएन्नात १७८६ मध्ये मोत्सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराला इतके ‘वन्स मोअर’ मिळाले की सम्राट योसेफ दुसरा याला अनेकांनी मिळून गायची पदे पुन्हा घेण्यावर बंदी घालावी लागली. बालगंधर्वांच्या रसिकांना असे कोणी सांगून पाहिले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. पुरुषांनी स्त्रीभूमिका गाण्याची प्रथाही दोन्हीकडे होती. पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंचाची मनाई असल्याने तिथे नायिका खच्ची केलेले गायक रंगवत.

खानदेशात हजारोंच्या जमावापुढे गाण्याची खरी कसोटी लागे ती तमाशाच्या कनातीत. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा करतात. दत्तजयंतीची सारंगखेड्याची, चैत्रातली धुळ्याच्या एकवीरा देवीची, अशा यात्रांत तंबू लागतात. यात्रा कमिटी सुपारी देते किंवा फड तिकिटावर खेळ लावतो. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम कुठेही सारखाच, पण इथे बतावणीत अहिराणी घुसली की हशा दुप्पट होतो. कापडी कनात आवाज परत फेकत नाही, वर छत असेल-नसेल, आणि बाहेर पाळण्यांचा कल्लोळ. म्हणून गायकी वरच्या पट्टीतली. ओळ संपता संपता झीलकरी, म्हणजे मागचे साथीचे गायक, ती उचलून धरतात, तेवढ्यात मुख्य गाणाऱ्याला दम खाता येतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे ही वाद्येही मोकळ्या हवेत दूरवर ऐकू येणारी आहेत. ला स्कालात भिंती जे काम करतात ते इथे मागे उभे असलेले झीलकरी करतात. या कलेला अशिष्ट ठरवणाऱ्या नागर समीक्षकांनी ही बाजू क्वचितच लक्षात घेतली.

आता जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे आणि बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृहही आहे. खुल्या जागेत ऑपेरा होतच नाही असे नाही. इटलीतील व्हेरोनाच्या रोमन रंगणात १९१३ पासून उघड्यावर ऑपेरा गायला जातो. पण तिथे दगडी पायऱ्यांचा वाडगा गायकाच्या मदतीला असतो. आपल्याकडे आता यात्रेतल्या कनातीतही स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. माइक हाताशी आल्यावर वरच्या पट्टीची आणि झीलकऱ्यांची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. सिनेमातल्या गाण्यांनी वगाचा वेळ खाल्ला आहे, आणि लांबलचक वग पाठ असलेली मंडळी फडांत कमी होत चालली आहेत.