राजापूर

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण आणि एकेकाळचे नामांकित बंदर. अर्जुना व कोदवली या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव समुद्रापासून सुमारे 24 किमी. आत आहे. कोकणातली बहुतेक बंदरे खाडीच्या मुखाशी असतात. राजापूर मात्र भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे, खाडीच्या पार टोकाला उभे राहिले. मुखाशी जैतापूर, माथ्याशी राजापूर आणि पुढे अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे जाणारी वाट. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या तांड्यांनी खाली यायचा आणि इथल्या धक्क्यावर गलबतांत चढायचा. राजापूरचे सारे महत्त्व या एका सोयीत होते.

परिसर गावाहून कितीतरी जुना आहे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ येथील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. कशेळीच्या कनकादित्य मंदिराकडे शिलाहार राजा भोज (दुसरा) याचा 1191 मधील ताम्रपट आहे. म्हणजे युरोपीय वखारवाल्यांच्या कितीतरी आधी या मुलखात राजसत्तेच्या लेखी नोंदी होत होत्या. राजापूरचा इतिहास इंग्रजांपासून सुरू करण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी.

तरीही सतराव्या शतकाचा उल्लेख टाळता येत नाही. आदिलशाही अमलात हे मिरी व कापडाच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. 1649 च्या सुमारास इंग्रजांनी येथे वखार घातली, पुढे फ्रेंचही आले. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे डागले गेले. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला हात घातला, त्याचा जाब त्याला द्यावा लागला. मार्च 1661 मध्ये शिवाजी महाराज राजापुरावर चालून आले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. सगळ्यांची सुटका होईपर्यंत 1663 उजाडले. वखारीच्या नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र रेंगाळत राहिला. 1674 मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हाच्या बोलण्यांतही तो होता. सुरतेच्या लुटीची आठवण सगळ्यांना असते. पन्हाळा आणि राजापूर यांना जोडणारा हा धागा तेवढाच मोलाचा आहे. पुढे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1687 मध्ये याच बंदरातून इराणकडे रवाना झाला.

बंदर कोणत्या लढाईने बुडाले नाही, ते गाळाने बुडाले. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान. पावसाळ्यात त्या उतारावरची माती खेचून आणतात. राजापूरपाशी भरतीचे पाणी समोरून येते, प्रवाह मंदावतो आणि माती तळाशी बसते. ज्या भरतीने गलबते आत आणली, तिनेच पात्र भरून काढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबस्तानची जहाजे अजून या बंदरात येत. पण मोठ्या गलबतांना जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावे लागे, आणि उरलेला पल्ला माल लहान होड्यांतून न्यावा लागे. रस्ते सुधारले तसा तोही व्यवहार आटला. आज कोकण रेल्वेचे ‘राजापूर रोड’ स्थानकही शहरापासून बरेच दूर आहे.

धक्क्याचा परिसर अजून ‘बंदर धक्का’ म्हणूनच ओळखला जातो. पात्र उथळ झाल्याने जोराचा पाऊस लागला की दोन्ही नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते. जवाहर चौकात पाणी आले, असे कळले की खालच्या बाजूचे दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवतात. गाळाचा उपसा हा म्हणून येथे जिव्हाळ्याचा विषय आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र शहर त्याच कोदवलीवर विसंबून राहिले आहे; ब्रिटिश काळातल्या तिथल्या बंधाऱ्याला लोक ‘सायबाचे धरण’ म्हणतात.

जवळच धोपेश्वर येथे मृडानी नदीच्या धबधब्याशेजारी धूतपापेश्वराचे देवालय आहे, तर उन्हाळे येथे गरम पाण्याचे झरे आणि प्रसिद्ध गंगातीर्थ. तेथील चौदा कुंडे एरवी कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी, कधी त्याआधी तर कधी उशिराही, जमिनीखालचे पाणी अचानक वर येते आणि काही काळ वाहून पुन्हा नाहीसे होते. कवी मोरोपंतांनी या तीर्थावर गीती रचली आहे. पाणी प्रकटले की गावोगाव ‘गंगा आली’ असा निरोप जातो, आणि काशीकुंडावर स्नानासाठी रांग लागते.